जनरलसाहेबांचं धुकं

३ फेब्रुवारी २००४, ब्यॉब्लिंगेन, जर्मनी
ऑफिसातल्या लिडियाच्या वडिलांच्या आठवणी रशियनमधून जर्मनमध्ये आणायचं कबूल केलंय. पुण्यात शिकलेलं रशियन इथे असं कामी येईल वाटलं नव्हतं. म्हातारा सोव्हिएत हवाई दलातला निवृत्त जनरल. घरात स्वेटरवर पदकं लावून बसतो. मला ‘इंदिरा’ म्हणतो. दोनदा सांगितलं, वसुधा. पुण्याच्या आमच्या सोसायटीचे चेअरमन असेच होते. याच्याकडे फक्त विमानं होती.
बायको नीना सेर्गेयेव्ना. छावणीच्या शाळेत जर्मन शिकवायची. मग भाषांतर हिनेच का नाही? विचारलं. "त्याचं मी लिहिणार नाही," म्हणाली आणि बीट किसायला लागली.

१७ फेब्रु.
साठ पानं झाली. चौतिसाव्या वर्षी रेजिमेंटचा कमांडर. जिंकलं ते सगळं ‘मी’, फसलं ते सगळं ‘आम्ही’. प्रत्येक बढतीला डोळ्यांत पाणी. त्याच्याच.
नवरोबा सुहास म्हणतो, "अगं, म्हातारा माणूस आहे, सांगतो तसं लिही ना." याला काय, झिंडेलफिंगेनच्या कार कारखान्यात जाऊन दिवसभर गाड्यांचे दरवाजे नीट लागतात की नाही बघायचं.

२ मार्च
पूर्व जर्मनीतला तळ. मॉस्कोहून तपासणीला साहेब आलेले, म्हणून सकाळीच उड्डाणं. कॅप्टन साव्हिन परत आला नाही. त्याच्यावर एकच ओळ: ‘कारण, वैमानिकाची चूक.’ पुढच्या परिच्छेदात हा डिव्हिजनचा कमांडर. मेजवानीतल्या माशावर अर्धं पान.
निघताना नीना जिन्यापर्यंत आली. "त्या सकाळी धुकं होतं. समोरची इमारत दिसत नव्हती. हवामानवाल्याचा घरी फोन आला, उड्डाणं थांबवा म्हणून. मी घेतला. यांना सांगितलं."
"मग?"
"कोट घातला आणि गेले."
चौकशीत हा म्हणाला, फोन आलाच नाही. हिला कुणी विचारलं नाही. हिनेही सांगितलं नाही. इतकी वर्षं!
तिचाही राग आला. मला सांगून हलकी झाली. मी काय कचऱ्याचा डबा?

९ मार्च
विचारलं त्याला. "त्या दिवशी धुकं होतं का?"
"कोण म्हणालं?"
स्वयंपाकघरात सुरीचा आवाज थांबला.
मी म्हटलं, "सहज." पन्नाशीची बाई, स्वेटरवरच्या पत्र्यांना भ्याले.
"माझ्या तळावर धुकंसुद्धा परवानगी घेऊन उतरायचं," म्हणाला आणि हसला. मीही हसले. शी.

१६ मार्च
लिडिया उत्साहात. ऐंशीव्या वाढदिवसाला छापील प्रती. एक साव्हिनच्या मुलीला. ती लग्न करून ड्रेस्डेनला असते, तिची मुलं जर्मनच वाचतात. "तिच्या वडिलांचा उल्लेख आहे ना, आनंद होईल तिला." ‘या, गेनाऊ,’ म्हटलं. हो, अगदी. आनंद.
लिडियाला काहीच माहीत नाही. सांगायला तोंड उघडलं, आणि प्रिंटरमध्ये कागद संपलाय म्हणाले.
घरी येऊन ती वैमानिकाच्या चुकीची ओळ खोडली. लिहिलं: ‘दाट धुकं होतं. उड्डाणं थांबवा, असा निरोप कमांडरला मिळाला होता.’
भाषांतर करणाऱ्याने असं करू नये. माहितेय.

२३ मार्च
नीनाबाईंनी पानं तपासली, लाल पेन्सिल घेऊन. त्या पानावर थांबल्या. मी खिडकीबाहेर बघत बसले.
मराठीच्या सवयीने मी धुकं नपुंसकलिंगी लिहिलं होतं. त्यांनी विशेषणाचा शेवट सुधारला. "जर्मनमध्ये पुल्लिंगी," एवढंच म्हणाल्या आणि पान उलटलं.
जनरलला जर्मन येत नाही. पण हुकूम सुटलाय: शनिवारी सगळ्यांसमोर मी पान न् पान त्याला परत रशियनमध्ये ऐकवायचं.
निरोप घेताना नीनाबाई म्हणाल्या, "मी तुझ्या शेजारी बसेन."
बसतील. बोलतील की नुसतं व्याकरण सुधारतील, शनिवारी कळेल.