पुढच्या साली खंजेरीच चालणार

पुणे, मंगळवार

तीर्थरूप गुणवंतकाकाजी यांच्या पायावर पुतण्या धनराजनं डोकं ठेवलं आहे. ते तिथंच राहू द्या, वर करायची माझी हिंमत नाई.

तुमचा गुडघा कसा आहे? धान कापून झालं का अजून बांधीत पाणी आहे? वाघ नाल्याकडंच बसते का गावाच्या अंगानं सरकला? मी इथी तब्येतीनं बरा आहे, बाकी कशानंच बरा नाई. तुम्हाले चार वेळा फोन लावला, तुम्ही उचलला नाई. पाचव्या वेळी तुमच्या चंचलनं उचलला आणि बाबा घरी नाई म्हणून सांगितलं, अन् तिच्या मागून तुमचा खोकला आला. म्हणून चिठ्ठी लिहून राह्यलो. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून एवढं लांब काही लिहिलं नाई. काना-मात्रा चुकला तर त्याचा वेगळा राग धरू नका, मोठ्या रागातच तोही धरा.

तो व्हिडिओ तुम्ही पाह्यला हे मले माहीत आहे. आपल्या शेजारच्या अजयनं गावच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की आपला धनराज पुण्यात गाजला. सगळ्यायनं आंगठे दाखवले, भजन मंडळातल्या एकानंही दाखवला नाई. तेव्हाच समजलं की तुम्हा लोकायले ती चाल ओळखू आली. कसं झालं ते पहिल्यापासून सांगतो (मधात फाटे फुटतील, माझा स्वभाव तुम्हाले माहीत आहे).

आमचे मालक सुनिल शेठ लग्नाले साऊंड, लाईट आणि वाजवणारे पुरवतात. त्यायच्या डोक्यात एकच किडा आहे, की आता पुढं कोणतं वाद्य चालणार. ढोल-ताशे घेतले तर गल्लीगल्लीत पथकं निघाली. मग नवरी मंडपात येताना व्हायोलिन पाहिजे अशी हवा सुटली. एक व्हायोलिनवाला धरला, तर तो तार जुळवत राहे आणि नवरी खुर्चीवर जाऊन बसे. मग सॅक्सोफोनवाला आणला. माणूस चांगला, पण आधी पोटभर जेवे आणि मग फुंके (पुढचं लिहीत नाई, तुम्ही जेवत असाल). मग उपड्या कढईसारखं एक लोखंडी वाद्य आलं, हातानं वाजवायचं. आवाज गोड होता, पण दुसऱ्याच लग्नात भांडेवाल्या बायांनी ते राखेनं घासून उपडं घातलं.

तर एक दिवस मालकानं आम्हा सगळ्या कामगारायले गोदामात बसवलं आणि एकेकाले विचारलं, तुमच्या गावाकडं काय वाजते? सोलापूरचा पोरगा हलगी म्हणाला, ती मालकाले माहीत होती. मग माझी पाळी आली. मी डीजे म्हणणार होतो, कारण खरं पाहिलं तर आपल्याकडं आता तोच वाजते. पण तोंडातून निघालं, खंजेरी. नुसतं तेवढ्यावर थांबलो असतो तर आज तुमच्याशी बोलत असतो. मी पुढं म्हणालो की शेठ, लिहून ठेवा, पुढच्या साली खंजेरीच चालणार.

मालक म्हणाले, "तुला वाजवता येते का?"

मी म्हणालो, "आमचे काकाजी गोंडपिपरी तालुक्यात पहिले आहेत."

हे काही त्यायच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण मालकाले चाललं.

आता मले किती येते हे तुमच्यापेक्षा जास्त कोणाले माहीत. तुम्ही भजनाच्या तालमीले बोलवायचे आणि मी दंडारीचा खेळ पाहाले पळून जायचो. लग्न असो, सप्ताह असो, स्पर्धा असो, खंजेरी धराले मंडळात पंधरा जण तयार. माझी गरज कोणाले होती? पण मयत झाली की पंधरातले बारा कोणी सासुरवाडीले, कोणी जंगलात, कोणाची कंबर धरलेली. मग तुम्ही जो समोर दिसंल त्याच्या हातात खंजेरी द्यायचे आणि सांगायचे, "तीन थापा अन् एक खाली. चुकू नको, समोर माणूस जाऊन राह्यला." अशा सात मयतींत मी तुमच्या बाजूनं चाललो. एवढ्या मोठ्या खंजेरीतली मले एकच चाल येते, माणसाले पोचवायची.

मले वाटलं, पुण्यात कोणाले समजते.

मालकानं प्लास्टिकचा पडदा लावलेली नवी खंजेरी आणली, मले गुलाबी फेटा बांधला आणि एका डॉक्टरच्या पोरीच्या लग्नात उभं केलं. वरात दारात आली. तोंडासमोर माईक, हाताले घाम. मी सुरू केलं, तीन थापा अन् एक खाली. पहिले लोक नुसते पाहात राह्यले. मग नवरदेवाचा एक दोस्त म्हणाला की स्लो आहे पण भारी आहे, आणि त्यानं खांदे हलवले. चौथ्या मिनिटाले नवरदेव घोड्यावरून उतरून नाचून राह्यला होता. खाली थाप गेली की सगळे जागेवर थांबत, मग एकदम एक पाऊल पुढं टाकत. काकाजी, ते पाऊल तेच होतं. आपण तिरडीमागं टाकतो तेच, त्यायले कोणी शिकवलं नाई. माझ्या अंगाले काटा आला, पण हात थांबवून वाजवू काय? दुसरं येतच नव्हतं.

तेवढ्यात मंडपामागून आशाबाई आली. ही जेवणवाल्यायकडं पुऱ्या लाटते, आपल्याच अंगची, कुरखेड्याची. डोक्यावर पदर घेतलेला, कोपरापर्यंत पीठ, तोंड एवढंसं झालेलं. तिनं फुलायचा मंडप पाह्यला, नाचणारा नवरदेव पाह्यला, आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "कोण गेलं गा?"

मी मान खाली घातली. नंतर लग्नातल्या कोणी काढलेल्या त्या व्हिडिओखाली कोण्या एकानं लिहिलं की हा जंगलातल्या लोकायचा आनंदाचा ताल आहे. ते वाचलं आणि मी त्या दिवशी जेवलो नाई (रात्री जेवलो, पण थोडंसंच).

मले हेही माहीत आहे की ती चाल तुम्ही शेवटची आपल्या वच्छलाकाकूसाठी, चंचलच्या मायसाठी वाजवली, मागच्या माघात. चंचल सांगत होती की त्यानंतर तुम्ही खंजेरी खुंटीले लावली ती काढलीच नाई. आणि मी तीच चाल गुलाबी फेटा बांधून वाजवली. मालकाले मी साफ सांगितलं आहे की यापुढं हे माझ्या हातून होणार नाई, पाहिजे तर कामावरून काढा. माफी कोणत्या तोंडानं मागू? चंचलले मी आठवण केली म्हणून सांगा. आशीर्वाद द्यायची माझी लायकी नाई.

तुमचा (अजून ठेवला असंल तर) पुतण्या,
धनराज

ता. क. मालकाले साफ सांगितलं हे खोटं आहे. तोंड उघडलं होतं, पण मालक म्हणाले की धनराज, तू म्हणालास तसंच झालं, खंजेरीच चालली, आणि मले इतकं चांगलं वाटलं की तोंड मिटलं. त्यानंतर दोन लग्नं झाली. दोन्हींत तेच वाजवलं.

ता. क. दुसरा. लिहीतच आहो तर हेही लिहितो. काकू गेली तेव्हा सुट्टी भेटली नाई असं मी फोनवर सांगितलं होतं. काकाजी, मी सुट्टी मागितलीच नव्हती. त्या दिवशी मालकानं मले पहिल्यांदा मिक्सरवर बसवलं होतं, माझ्या एका बोटानं अख्ख्या मंडपाचा आवाज कमी-जास्त होत होता, आणि मले ते सोडवलं नाई. आशाबाईनं कोण गेलं म्हणून विचारलं तेव्हा मी म्हणालो, माही काकू. तिनं पिठाचेच हात जोडले आणि चाल संपेपर्यंत माझ्या बाजूले उभी राह्यली. दहा महिने उशिरा झालं, पण त्या गर्दीत आम्ही दोघं काकूले पोचवून राह्यलो होतो. हे पोचवणं हिशोबात धरायचं असंल तर धरा, नाई तर नका धरू.

ता. क. तिसरा. पुढच्या शनिवारी अकराले एका मास्तरच्या पोरीचं लग्न आहे. मी दहाले फोन लावतो. तुम्ही बोलू नका, हालहवाल विचारू नका, शिवी द्यायची असंल तर ती द्या. फक्त खुंटीवरची खंजेरी काढा, फोन बाजूले ठेवा आणि लग्नाची चाल एकदा वाजवा. मी इथी मांडीवर हात ठेवून ऐकीन. फोन उचलला नाई तर मले त्याही पोरीले पोचवा लागंल, आणि तिनं माझं काही बिघडवलं नाई.