भगवंतचा दिवा

४ नोव्हेंबर
निरगुडसरहून निघालो आणि दुपारी डिंगोऱ्याच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर म्हणून हजर झालो. खोली सावळेरामच्या घरात. भाडं विचारलं तर म्हणाला, मास्तरकडून कुठं भाडं घेत्यात व्हय? जेवणही त्यांच्याकडंच. पिठलं लई झकास. नशीब काढलंस गड्या!

९ नोव्हेंबर
इथं शेताला वीज रात्रीच येते. सहा घरांत मिळून एक मोटर. ती चालू करायला अंधारात उसातून जायचं, आणि उसात बिबट्या. कुणी जायचं, यावर रोज भांडण. चिठ्ठ्यांवर कुणाचा विश्वास नाही. म्हटलं, थांबा, मी यंत्र करतो.

१६ नोव्हेंबर
जमलं. ट्रान्झिस्टर उलटा जोडला की नुसती खरखर करतो, तिला ना ताल ना तंत्र. ती मोठी करून सहा दिव्यांवर सोडली. बटण दाबलं की दिवे पळतात आणि एक पेटून राहतो. कुठला, ते मलाही आधी सांगता येत नाही. ज्याचा दिवा त्याची पाळी. पारावर लोकांनी यंत्राला हात जोडले. मी मिशीत हसलो, खोटं कशाला बोलू.

२३ नोव्हेंबर
सावळेराम जेवताना म्हणाला, आमचं तेवढं बघा की मास्तर. मीठ खातो त्याचं. सहांतल्या त्याच्या दिव्याची तार काढून शेजारच्या भगवंतच्या दिव्याला जोडली; आता त्याची पाळीही भगवंतवर. भगवंत गडी धट्टाकट्टा आहे, अशी मनाची समजूत घातली. लाज वाटली. तरी जोडलीच.

२ डिसेंबर
भगवंतला मोटरीपाशी बिबट्यानं धरलं. गेला.

३ डिसेंबर
त्याची बायको प्रयागबाई उलट माझीच समजूत काढत होती. तुमी मनाला लावून घेऊ नका, मशीन खोटं बोलत न्हाई, त्यांचंच नशीब. मी मान हलवली. थू माझ्या जिण्यावर.

१५ डिसेंबर
तेरावा झाला. तार जागेवर लावली. तरी भगवंतचाच दिवा, बटण न दाबता. सेल काढले. पेटलेलाच. खरखर चालूच— आणि आता तिला ताल आहे. कुणी पाय ओढत चालावं तसा.

१६ डिसेंबर
ट्रान्झिस्टर उपटून फेकला. तरी पारावर सगळ्यांदेखत तोच दिवा. सहा घरांतलाच अमृत म्हणाला, मी जातो वहिनी. प्रयागबाई ऐकेना. भगवंतच्या घरानं पाळी चुकवली असं कुणी म्हणायला नको. बॅटरी घेऊन निघाली. सावळेराम खाली बघत होता. मीही.

तीच संध्याकाळ
आत्ता तिच्यामागं पळालो तर बांधावर गाठेन तिला. पण मग सांगावं लागेल— खरखर अंगणात आलीय. पाय ओढत— दाराशी— येऊ दे. जातोच. सांगतो, तार मीच— आधी एवढं लिहून घेतो, मग