बारा टक

प्रिय टोळ,

हे पत्र तुझ्या बाबाच्या हाती देतेय. तुमच्या तळावर फोनला रेंज नाही, हे एका परीने माझ्या पथ्यावरच पडलं. फोन लागला असता तर मी पुन्हा ‘जेवलीस का’ एवढंच विचारून तो ठेवून दिला असता. आधी महत्त्वाचं सांगते: हे पूर्ण वाचेपर्यंत गाडी सुरू करू नकोस. रविवारच्या शर्यतीतल्या त्या दगडी उतारावर तर मुळीच नेऊ नकोस.

सोमवारी तू हेल्मेट, बूट सगळं चढवून गाडीवर बसलीस आणि मागचा शॉकअप किती दबतो ते मी पट्टीने मोजलं. वजन वाढलंय म्हणून तुला चिडवलं. वाढलं नव्हतं गं. स्प्रिंग हवी तेवढीच दबत होती. पट्टीवरचे आकडे डोळ्यांनी वाचायचे असतात, त्यात माझी चूक व्हायची नाही.

भीती आहे ती स्क्रूची. दबलेला शॉकअप किती वेगाने परत उसळायचा हे ठरवणारा तो खालचा बारीक स्क्रू. तू सात वर्षांची होतीस तेव्हापासून आपल्या गॅरेजचा नियम आहे, एकाने फिरवायचा, दुसऱ्याने कान लावून मोठ्याने मोजायचं. आधी पूर्ण बंद, जोर न लावता. मग उलट फिरवत येणारा एकेक ‘टक’ आवाज मोजायचा. तू स्टुलावर बसून मोजायचीस आणि आठवरून थेट दहावर उडी मारायचीस, म्हणून तर टोळ नाव पडलं.

सोमवारी मात्र मी तुला चहा टाकायला पिटाळलं. मोजायला थांबते म्हणालीस, तर तुझ्यावर खेकसले, की पंचवीस वर्षं हेच करतेय, मला शहाणपण शिकवू नकोस. तू गेलीस. मी एकटीनेच बारा मोजले आणि बाराची चिठ्ठी टाकीवर चिकटवली.

काल एक शाळामास्तर त्यांची गाडी घेऊन आले. त्यांचा स्क्रू मी दहा टक सोडला. ते शेजारी उकिडवे बसून उगाच मोजत होते, भीतभीतच म्हणाले की चौदा झाले. मी त्यांना वेड्यात काढलं. मग पुन्हा बंद करून पुन्हा मोजलं. त्यांचे पंधरा, माझे दहा. तुझी गाडी मंगळवारीच ट्रकमधून गेली होती. तेव्हापासून डोळे मिटले की तूच दिसतेस: उतारावर दगड येतो, मागचं चाक भलत्याच वेगाने वर उसळतं आणि तू हँडलवरून पुढे. दोन वर्षांपूर्वी तुझं खांद्याचं हाड मोडलं तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते. तेव्हा चूक तुझी होती.

आता लिहिल्यावाचून सुटका नाही. चार महिने झाले, माझ्या उजव्या हाताची बोटं बधिर आहेत. डॉक्टर म्हणतात, सुधारतीलच असं नाही. फिरवताना कान तिथे लावता येत नाही, बोटांनाच टक कळावा लागतो; तो आता कळतच नाही, मधले कित्येक निसटून जातात. सोमवारी स्क्रूड्रायव्हर दोनदा हातातून पडला, ते तुला दिसू नये म्हणून चहाचं निमित्त काढलं. माझी लाज राखायला मी तुझा जीव धोक्यात घातला, टोळ. ती चिठ्ठी फाडून टाक. बाबाला शेजारी बसव, मागचा आणि पुढच्या दोन्ही शॉकअपचे स्क्रू, तेही मीच फिरवलेत, पूर्ण बंद कर आणि नव्याने बारा मोजा, अगदी मोठ्याने. का, असं कुणी विचारलं तर खरं सांग. आणि धडधाकट परत ये. यापुढे स्क्रू तू फिरवायचा. मोजायचं काम तेवढं मला दे. स्टुलावर बसेन, नऊ गाळणार नाही.

तुझीच, फार घाबरलेली,
आत्या