बोर्लीची लाल गाडी

आबा,

सुरू झाली! आज सकाळी, आपल्या अंगणात, तिसऱ्या सेल्फला. बोर्ली पंचतनच्या जहाजवाल्या चाचांची ती लाल जपानी स्पोर्ट्स कार, जिच्यापायी माणगावात तुमच्या हातावर ठपका आला, ती पंचवीस वर्षांनी धडधडली आणि मी पन्नाशीचा बाप्या चप्पल फेकून नाचलो. बॉनेटमध्ये झाकलेले ते दिवे आठवतात ना? बटण दाबताच टपकन वर आले. तुमची सून दारातून ओरडली, “अगं बाई, डोळा मारलान हिनं मला!” आधी पांढरा धूर आला, म्हटलं पुन्हा तेच. पण तो नुसता साचलेला दमटपणा होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली, इंजिनाच्या गरमीचा काटा निम्म्यावर चढला नाही, पाणी उकळलं नाही.

चाचा गेले. गाडी त्यांच्या सुपारीच्या वाडीत पत्र्याखाली पडून होती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेनं निरोप धाडला, भंगारात घालायच्या आधी बघून जा म्हणून. खाऱ्या हवेनं तळाची चाळण केलेली, वायरी उंदरांनी खाल्लेल्या. मी आणलीच. दीड वर्ष पडवीत तिच्याशी झटतोय. तळ कापून नवा पत्रा जोडला. कार्बोरेटर भाताच्या टोपात उकळला, तो टोप हिनं कायमचा मला बहाल केलाय. इंजिनातला तो एक बोल्ट मात्र काढायला मी महिना लावला. तो हाताला गरगर फिरतो हे मला ठाऊकच होतं.

त्या दिवशी इंजिनाच्या हेडचे, म्हणजे वरच्या झाकणाचे, बोल्ट तेवढे आवळायचे राहिले होते आणि तुम्ही संकष्टीला पालीला निघाला होतात. एसटी आली तरी फाटकातून परत वळून सांगितलंत, “हे ट्रकचं चाक न्हाय. ॲल्युमिनियम हाय, हाताला कळंल तेवढंच आवळ. पाईप लावशील तर हात मोडीन.” मी तेव्हा पंचविशीतला, अंगात रग. ट्रकच्या गॅरेजात वाढलेल्या माणसाला जोर लावल्याशिवाय काम झालंसं वाटतच नाही. पान्याच्या दांड्यात तो हातभर लोखंडी पाईप घातला आणि लोंबकळलो. शेवटच्या बोल्टाचे आटे गेले. कट् झालं आणि पाना मोकळा फिरला. मी बोल्ट तसाच ठेवून वरून ग्रीस फासलं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी गाडी काढली ती नाक्यापर्यंतही गेली नाही. धूरच धूर. तुम्ही झाकण उघडलंत, बोट फिरवलंत, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. म्हणालात, “माझ्या हातून झालं, चाचा. भरून देतो.” चाचा तावातावानं म्हणाले, “हात नको लावू आता!” टेम्पो येईपर्यंत गाडी आपल्याकडंच उभी होती. त्यानंतर तुम्ही आयुष्यात कारला हात लावला नाहीत. आणि तो पाईपही मला पुन्हा दिसला नाही. ट्रकची चाकं तुम्ही पान्यावर दोन्ही पायांनी उभे राहून आवळायचात, आणि मी समजत होतो, म्हातारा हट्टी झालाय.

चाचांची सून मला म्हणाली, “अब्बा शेवटपर्यंत बोलायचे, गाडी गेली तर गेली, पन तोंडावर चूक कबूल करनारा मिस्त्री एकच बघितला.” आबा, मी चहाचा कप तोंडाला लावून बसलो. चहा कधीच संपला होता.

परवा डिकी साफ केली. स्टेपनीखाली चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. उलगडलं तर तुमच्या खाकी शर्टाची बाही, आणि आत पाईप. तुम्ही तो गाडीबरोबरच बोर्लीला धाडला होतात. म्हणजे तुम्हाला सगळं कळलं होतं, आणि पुढची अकरा वर्षं, अगदी जाईपर्यंत, तुम्ही माझ्यासोबत एका ताटलीत कांदाभजी खाल्लीत.

आता लेथवाल्याकडून पोलादी आटे बसवून घेतलेत. ठरलेला जोर झाला की कट् वाजणारा पाना आणलाय, म्हणून बोल्ट या खेपेला नीट बसले. उद्या मी बोर्लीला जाणार आहे, हीच गाडी घेऊन. चाचांच्या सुनेला शेजारी बसवीन, दिवेआगरपर्यंत चक्कर मारीन, आणि सांगीन की पाईप कोणी लावला होता. हे पत्र पुढच्या कप्प्यात, त्याच खाकी बाहीत राहील.

एक मात्र तिला सांगवणार नाही. तुम्ही चूक अंगावर घेतलीत तेव्हा मला लाज वाटली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. लाज नंतर आली, आबा. त्या क्षणी मला हायसं वाटलं होतं.