खारीच्या कानांची हळद

शुक्रवार, संध्याकाळ. निमोणे

हळद लागलेल्यानं गावाची वेस का ओलांडायची नाही? बीए झाले तरी मला याचं उत्तर देता येत नाही. आज हळदीनंतर शिरूरला ब्लाऊज आणायला निघाले, तर आप्पांनी याच नियमावर अडवलं. वाद घातला, पण वडील ऐकतायत कुठं!

आणि आमच्या खारी कुत्रीला मात्र तेच वेशीबाहेर काढायला निघाले. उद्या घरामागच्या शेतात लग्न, पाहुण्यांत कुत्री नको, म्हणून तिला मामांच्या टेम्पोतून दौंडला पाठवायचं. घरातून कॉलेजला जाणारी मी पहिली. तीन वर्षं रोज मला एसटीपर्यंत सोडायला फक्त खारी यायची. माझ्या लग्नात तीच नसेल?

मामांनी तिला टेम्पोत चढवलं. मी उरलेल्या हळदीची वाटी आणली आणि तिचे दोन्ही कान पिवळे केले.

"ह्ये काय गं?" आप्पा ओरडले.

"तिला हळद लागली, आप्पा. आता वेस ओलांडता येत नाही. तुम्हीच म्हणालात."

मामा हसत सुटले. "दाजी, उतरवून घ्या नवरीला!"

आप्पांनी पिवळ्या कानांच्या खारीला खाली उतरवलं आणि म्हणाले, "शिकली आन् वकील झाली! पंगतीत येता कामा न्हाई, सांगून ठेवतो."

न पटणारा नियमच वापरला, हे थोडं टोचतंय. पण जिंकले! मांडवाच्या पुढच्या खांबाशी, अगदी स्टेजसमोर, खारीचं पोतं आत्ताच अंथरून आले.