एकोसाठी घर, वरच्या मजल्यासकट

मी, अबा क्राम्पा, कै. जोसेफ बेंत्सिल यांची विधवा, वय एकाहत्तर, धंदा पावाची भट्टी, राहणार एपोआनो बंदर, घाना, हे मृत्युपत्र मिशनच्या दवाखान्यात खाटेवर बसून सांगते आहे आणि वकील अमिसा ते उतरवून घेत आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे आणि मूत्रपिंडे नाहीत, पण कायद्याला त्यांच्याशी देणेघेणे नाही असे वकिलांनी सांगितले. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी भुलवलेले नाही. याआधी मी काही लिहून ठेवले असेल, तोंडी कबूल केले असेल, किंवा मी कबूल केले असे माझ्या भावाने गावात सांगितले असेल, तर ते सगळे रद्द समजावे.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील अमिसा यांनी करावी. माझा भाऊ क्वामेना आमच्या कुळाचा प्रमुख आहे. हा मान आपलाच आहे असे तो म्हणेल. त्याला म्हणू द्यावे आणि किल्ल्या देऊ नयेत.

२. भट्टीचे सर्व सामान, म्हणजे पावाचे साचे, कणीक मळायची मोठी काथवट, भट्टीतून पाव ओढायची लांब दांड्याची फळी आणि हातगाडी, एफुआ हिला द्यावे. एफुआ ही माझ्या मानसाची मुलगी. मानसा माझ्याकडे कणीक मळायला आली तेव्हा आम्ही दोघी तरुण होतो. गेली ती म्हातारी होऊन, आणि माझ्या घराखाली. ते पुढे येईल.

३. बँकेतली माझी शिल्लकही एफुआलाच द्यावी. ही भीक नाही आणि नुकसानभरपाईही नाही. भरपाई ज्याने द्यायची त्याने दिलेली नाही.

४. माझी उंची वस्त्रे चर्चमधल्या बायकांनी वाटून घ्यावीत. क्वामेनाच्या बायकोला त्यातले काही देऊ नये. तिने माझे काळे-तांबडे सुतकाचे वस्त्र एका अंत्यविधीला नेले, तेलाचा डाग पाडून आणले आणि डाग आधीपासून होता असे मला तोंडावर सांगितले. ते डागाचे वस्त्र मात्र तिला द्यावे. माझ्या अंत्यविधीला तिने तेच नेसावे.

५. आता घर. इथे मला सविस्तर सांगावे लागेल, कारण घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत ते कळले पाहिजे.

घर मी आणि माझ्या नवऱ्याने बांधले. नकाशा नगरपालिकेकडून मंजूर करून घेतला होता: एकच मजला, चार खोल्या, मधे दिवाणखाना, मागच्या अंगणात भट्टी. जागा नवऱ्याच्या कुळाची. घर उभे आहे तोवर वापरा, घर गेले की जागा परत आमची, या बोलीवर त्यांनी ती दिली. आमच्यात कूळ आईकडून चालते, म्हणून माझा मुलगा एको त्याच्या बापाच्या कुळातला नाही आणि त्या जागेवर त्याचा हक्क नाही. हे त्याला लहानपणापासून माहीत आहे.

समुद्रात तेल सापडले, बंदरात परकी माणसे आली आणि भाडी वाढली. एको तेव्हा गोदीत नोकरीला होता. गळके पत्रे बदलतो असे मला सांगून त्याने छप्पर उतरवले. पत्रे काही परत चढले नाहीत. त्यांच्या जागी लोखंडी सळया उभ्या राहिल्या. खाली दुकान काढायचे म्हणून त्याने दिवाणखान्याची मधली भिंतही पाडली.

नगरपालिकेची बांधकाम तपासनीस ड्झिफा अगबेको रोज सकाळी माझ्याकडे पाव घ्यायला येई. मी तिला विचारले, कशाला परवानगी लागते आणि कशाला नाही. तिने पाव काखेत धरून सांगितले, “मावशी, रंग लावा, पत्रे बदला, मोडकं दार नवं बसवा, त्याला आम्हाला विचारायला नको. पण भार घेणारी भिंत काढायची, मजला चढवायचा, राहत्या घरात दुकान काढायचं, तर आधी नकाशा द्यायचा. आम्ही पाया बघतो, भिंती बघतो. मग हात लावायचा.”

मी तिला आत नेऊन दिवाणखाना दाखवला. ती छताकडे बघत राहिली आणि पावाचे सुटे पैसे परत घ्यायलाही विसरली. दुपारी येऊन तिने रस्त्याकडच्या भिंतीवर लाल रंगाने लिहिले: काम थांबवा, परवाना दाखवा.

एको मला म्हणाला, “आपलं घर, आपल्या विटा. उद्या शिंक आली तर ह्यांना विचारून शिंकायचं का?” त्याने त्या अक्षरांवर चुना फासला. मी घराची मालकीण म्हणून काम बंद करायला सांगितले. तेव्हा तो जिनची बाटली घेऊन मामाकडे गेला. क्वामेनाने थोडी जिन पूर्वजांसाठी जमिनीवर ओतली, उरलेली स्वतः प्याला आणि चार माणसांसमोर मला बसवून म्हणाला, “अबा, पोरगा तुझंच नाव वर नेतोय. बाईमाणसाने किती आडवं यावं?” गवंड्यांना त्याने सांगितले, म्हातारीकडे लक्ष देऊ नका. त्यांनी दिले नाही. ड्झिफाने पुन्हा दोनदा लाल रंग लावला आणि मग तिची बदली दूर उत्तरेला झाली. ती कोणी करवली मला माहीत नाही. त्या दिवसांत एको माझे पाव टोपल्या भरून नगरपालिकेत फुकट वाटत होता, एवढे मला माहीत आहे.

मजला झाला. भाडेकरू जास्त बसावेत म्हणून वर एक सज्जा बाहेर काढला, तो नेमका भट्टीवर. मी मानसाला म्हटले, आपण भट्टी हलवू. ती म्हणाली, “भट्टी हलवून पाव बिघडतो, अबा. त्यालाच सांग त्याचा सज्जा हलवायला.”

पावसाळ्यात एका सकाळी ती दुसरा घाणा ओढत असताना सज्जा खाली आला. मी दारात होते. बाहेर आले तेव्हा तिचे डोके आणि एक हात तेवढा दिसत होता. लोकांनी लोखंड उचलेपर्यंत ती शुद्धीवर होती. मला म्हणाली, “भट्टीचं तोंड उघडंच आहे. पाव जळतील.” दवाखान्यापर्यंत ती पोचली नाही.

एको आला. त्याने आधी वर पाहिले, किती पडले ते. मग जमलेल्या लोकांना विचारले, “ती तिथे उभी का राहिली होती?”

मी त्याची आई आहे. त्याला गोवर झाला तेव्हा मी भट्टी बंद ठेवली होती. तो रागाने बोलला असेल, घाबरून बोलला असेल, हे सगळे मी स्वतःला सांगून पाहिले. पण मानसाच्या तिसाव्या दिवसाच्या विधीला, तिच्या मुलीसमोर, पोटभर जेवून, तो तेच पुन्हा बोलला. आणि तिच्या नातेवाइकांकडून त्याने लिहून घेतले की ती स्वतःच्या मर्जीने तिथे उभी होती. बदल्यात शवपेटी दिली. पेटी आखूड निघाली.

मी काठी टेकत नगरपालिकेत गेले. तिथल्या साहेबांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, “बाई, आमच्या दप्तरी तुमचं घर एक मजली आहे. वर बांधायला कोणी अर्जच केलेला नाही. जो मजला नाही, तो पडेल कसा?”

मी म्हटले, मग अर्ज आता करते.

त्यांना वाटले म्हातारी चळली आहे. पण मालकीण मी होते. झालेल्या बांधकामाला मंजुरी मागणारा अर्ज मी रीतसर दिला, एकोला न सांगता. अर्ज आला की तपासणी करावीच लागते, आणि तपासणी केली की मजला आहे असे लिहावेच लागते. मंजुरी मिळणार नव्हती आणि मिळाली नाही. आदेश असा निघाला की मधली भिंत काढल्यामुळे खालचे घरही भरवशाचे राहिलेले नाही, सबब संपूर्ण इमारत जमीनदोस्त करावी, तीही त्या वेळी जो मालक असेल त्याने, स्वतःच्या खर्चाने. माझे वय आणि आजार पाहून, वरचा मजला रिकामा ठेवण्याच्या अटीवर, मी जिवंत असेपर्यंत आदेश थांबवला आहे. भाडेकरू गेले. एकोला वाटते मी सुतक पाळते आहे. दारावर चिकटवलेली आदेशाची प्रत त्याने न वाचता फाडली.

वकिलांनी मला बजावले की मुलाला काहीच ठेवले नाही तर तो कोर्टात जाईल आणि कोर्ट त्याचे ऐकेल. म्हणून माझ्या मिळकतीतला सर्वांत मोठा भाग मी त्याला देते. संपूर्ण घर, वरच्या मजल्यासकट, त्यावरच्या सर्व जबाबदाऱ्या आणि आदेशांसह, माझा मुलगा एको बेंत्सिल याला द्यावे. वाटेकरी कोणी नाही. मी मेल्यावर ताबा देतो असे सांगून त्याने एका दुकानदाराकडून दोन वर्षांचे आगाऊ भाडे घेतले आहे. तेही आता त्याचे त्यानेच निस्तरावे. इमारत उतरली की मोकळी जागा माझ्या नवऱ्याच्या भाच्यांकडे जाईल. त्यांना मी कळवले आहे. ती चांगली मुले आहेत, वाट पाहतील.

६. क्वामेनाने त्या दिवशी रिकामी केलेली जिनची बाटली माझ्या कपाटात आहे. ती त्याला द्यावी. आमचा हिशेब पुरा झाला.

७. माझा देह त्या दिवाणखान्यात ठेवू नये. चर्चच्या आवारात ठेवावा आणि शोकाला येणाऱ्यांनी तिथेच बसावे. एकोला आपल्या बांधकामाची खात्री आहे असे तो सर्वांना सांगत आला आहे. त्याला दिवाणखान्यात बसायचे असेल तर त्याने एकट्याने बसावे.

८. शेवटचे. हे लिहायला वकील येण्याच्या तीन आठवडे आधी, एका रविवारी, एको मला भेटायला आला. त्याने संत्रे सोलले आणि विचारले, “आई, घराचं काय ठरवलंस? मामा विचारत होते.”

“घर तुझं.”

“वरचा मजलाही?”

“सगळंच. कोणाला वाटा दिलेला नाही.”

माझ्या खाटेवर डोके टेकून तो रडला. पन्नाशीचा माणूस आहे. दुसऱ्याच दिवशी क्वामेनासमोर आणि कुळातल्या वडीलधाऱ्यांसमोर त्याने घर स्वीकारले. सर्व जबाबदाऱ्यांसह स्वीकारतो, असे वकिलांपुढे लिहूनही दिले. वकील कागद वाचून दाखवणार होते. तो म्हणाला, वाचायला नको, सही कुठे करू ते दाखवा.

तेव्हापासून तो रोज येतो. मासळीचे सूप आणतो, चमच्याने भरवतो, रुमालाने तोंड पुसतो. इतक्या वर्षांत त्याने मला कधी भरवले नव्हते. सूप चांगले असते. मी तोंड उघडते.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. एकही शब्द मऊ करायचा नाही.

(सही) अबा क्राम्पा

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली. आम्हाला या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

साक्षीदार: १. फिलिप ओटू, चर्चच्या वडीलमंडळाचे सदस्य
२. कम्फर्ट ताविया, परिचारिका

ठिकाण: मिशन दवाखाना, एपोआनो
तारीख: १४ मार्च २०१७