गेमवरचे साडेबारा टक्के

पारसदादा,

पुण्याहून आलास की डाळ गरम करून घे. मी ओझरला मावशीकडे चाललेय.

परवा तुझ्या गेमच्या दुकानात कॉलेजच्या मुलांना मी खरं तेच सांगितलं, की वेबसाइटवरून डाउनलोड केलेल्या गेमवर गेमची कंपनी सेल्सटॅक्स लावत नाही. तू सगळ्यांसमोर ओरडलास, "हिला टॅक्समधलं काय कळतंय? उद्यापासून दुकानात पाय ठेवू नकोस!" मुलं फिदीफिदी हसली. मम्मीनंही तुझीच बाजू घेतली.

काल मी, तू साडेबारा टक्के टॅक्स लावून देतोस ते बिल घेऊन मंचर स्टँडमागच्या टॅक्सवाल्या वकिलांकडे गेले. ते म्हणाले, "अगं, बिलावर टॅक्सचा नंबरच नाही, म्हणजे ह्याची सेल्सटॅक्सला नोंदणीच नाही. ह्याला एक रुपयासुद्धा टॅक्स घेता येत नाही." म्हणजे प्रत्येक गेममागचे साडेबारा टक्के सरळ तुझ्या खिशात गेले.

आज सकाळी मी दुकानाच्या शटरवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवलाय: 'गेमवर घेतलेला टॅक्स परत मिळेल. बिल घेऊन या.' मी निघाले तेव्हा अकरा जण उभे होते. दोघांनी तर वडिलांना आणलं होतं.

मला फोन करायला जाऊ नकोस, तुझा मोबाईल आज मोकळा राहायचा नाही. कागदावर नंबर तुझाच दिलाय.

टीना